माळवद आणि छतावरील वृक्ष

१

सार्वजनिक इमारतींच्या छतांवर बागा कराव्यात, आणि त्या बागांतून केवळ फुलझाडे न लावता वृक्षही लावावेत, असा विचार गेल्या काही दशकांत जगातील अनेक नगरांतून मांडला गेला आहे. जपानमधील फुकुओका येथे १९९५ साली पूर्ण झालेल्या ‘अ‍ॅक्रॉस’ या सार्वजनिक इमारतीची एक बाजू पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते व त्या पायऱ्यांवर दाट वनराजी वाढलेली आहे. वास्तुकार एमिलिओ अंबास यांची ही रचना या विचाराचे ठळक उदाहरण म्हणून नेहमी पुढे केली जाते. नांदेड व लातूर यांसारख्या शहरांत, जेथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि काँक्रीटचे छत दिवसभर तापून रात्री ती उष्णता खालच्या दालनांत सोडीत राहते, तेथे या कल्पनेचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविकच आहे.

परंतु या कल्पनेचा विचार करताना ती मराठवाड्याला सर्वस्वी नवी आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे. छतावर वृक्ष लावणे ही गोष्ट या प्रदेशातील सामान्य माणसाने केली नाही, हे खरे. तथापि छतावर माती चढविणे, ती वर्षानुवर्षे सांभाळणे, तिच्यातून पाणी गळू न देणे आणि तिच्या ओझ्याखाली झोपणे, हे मात्र त्याने पिढ्यानपिढ्या केले आहे. वृक्ष छतावर नेणे म्हणजे प्रथम माती छतावर नेणे होय. म्हणून छतावरील वृक्षाचा मराठवाड्यापुरता पूर्वेतिहास माळवदाच्या इतिहासात शोधावा लागतो. हा इतिहास काय शिकवितो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रारंभी शब्दांचा विचार करणे सोयीचे ठरेल. सपाट छताला मराठीत तीन शब्द विशेष रूढ आहेत: गच्ची, धाबे आणि माळवद. हे तीन शब्द एकाच वस्तूची तीन नावे नव्हेत. ‘गच्ची’ या शब्दाच्या मुळाशी ‘गच’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ चुन्याचा किंवा चिरोडीचा गिलावा असा आहे. गच्ची म्हणजे चुन्याने बांधलेले पक्के छत. ते वाड्यांना, मशिदींना, किल्ल्यांतील इमारतींना व सधनांच्या घरांना असे. ‘धाबे’ आणि ‘माळवद’ ही मात्र मातीची छते होत. वऱ्हाड-खानदेशाकडे ‘धाब्याचे घर’ असे म्हणतात, तर लातूर, धाराशिव, नांदेड, सोलापूर या भागांत ‘माळवद’ हा शब्द अधिक ऐकू येतो. सीमेपलीकडील कन्नड भाषेत सपाट छतास व माडीस ‘माळिगे’ असा शब्द आहे. दोन्ही शब्दांचा आद्यांश आणि दोन्ही प्रदेशांतील घरांची सारखी घडण लक्षात घेता त्यांचे नाते विचारात घेण्याजोगे आहे. माळवदाचा संबंध ‘माळी’ या शब्दाशी जोडण्याचा मोह कोणास झाला, तर तो मात्र आवरला पाहिजे. ‘माळी’ हा शब्द माला या संस्कृत शब्दापासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ माळा गुंफणारा असा आहे. माळवदावर माळ्याचे काम नव्हते.

याहून महत्त्वाची आहे ती मातीची नावे. मराठी खेड्यात मातीचे दोन भाग मानलेले आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. ‘गावपांढरी’ हा शब्द वस्तीचा वाचक आहे, आणि ‘काळी आई’ असे म्हटले की पिकाऊ जमीन डोळ्यांपुढे येते. ही विभागणी केवळ महसुली किंवा काव्यात्म नाही. तिच्या मागे मातीच्या गुणांची जाण आहे. काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि उन्हाने आकसून तिला मोठ्या भेगा पडतात. हे गुण पिकास उपकारक असले तरी छतास घातक आहेत. पांढरी माती चोपून बसविली असता पाणी फारसे आत घेत नाही, ते वरच्यावर वाहू देते, आणि तिला भेगाही कमी पडतात. जुन्या वस्तीच्या टेकाडावरील, पडक्या गढीच्या आसपासची अशी माती गाडीत भरून आणावी व माळवदावर पसरावी, हा प्रघात होता. थोडक्यात, जी माती रोप वाढविते ती छतावर न्यावयाची नाही आणि जी छतावर न्यावयाची तिच्यात रोप वाढू द्यावयाचे नाही, असा हा अलिखित नियम होता. छतावरची बाग हा नियम मोडते. ती काळीला पांढरीच्या जागी नेऊन बसविते. असे करणे अशक्य आहे असे नव्हे. परंतु आपण काय मोडीत आहोत याचे भान मोडणाऱ्यास असले पाहिजे.

३

माळवदाची घडण आता पाहू जाता पुढील गोष्टी दिसतात. दगडाच्या उथळ्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर किलच किंवा फळ्या, त्यांवर पाला-काटक्यांचा थर आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असा हा क्रम आहे. घराचा आकार खणांत मोजला जाई. भोवती मातीच्या मसाल्यात रचलेल्या दगडी भिंती असत, आणि त्यांची जाडी दोन फुटांपासून कित्येकदा चार-पाच फुटांपर्यंत जाई. छतास किंचित उतार देऊन कडेला पन्हाळी बसवीत. उजेड व धूर यांसाठी मध्ये एक झरोका ठेवीत व पावसात तो झाकून घेत.

या छताचे गुण लहानसहान नव्हते. दीड-दोन फूट मातीतून उन्हाळ्याची उष्णता खाली उतरेपर्यंत सायंकाळ होई. वैशाखातील दुपारी घरात थंडावा राही. माळवदावर मिरच्या व धान्य वाळत पडे, पापड-कुरडया होत, आणि उन्हाळ्याच्या रात्री कुटुंबे तेथेच झोपत. मात्र झाड तेथे नसे. झाडाची जागा परसात होती, तुळशीची अंगणात होती. भोपळा, दोडका, कारले यांचे वेल भिंतीवरून वर चढवीत, तेव्हाही मूळ जमिनीत राही आणि छतावर केवळ पाने व फळे जात. पावसाळ्यात माळवदावर आपोआप उगवणारे गवत व रोपटी उपटून टाकणे हे घरधन्याचे नेमाचे काम होते. रोपाचे मूळ मातीत वाट करते आणि त्याच वाटेने पुढे पाणी शिरते, हे ज्ञान ग्रंथांतून आलेले नव्हते. ते गळक्या छताखाली काढलेल्या रात्रींतून आलेले होते. चुनेगच्चीच्या इमारतींनाही हाच धोका असतो. पिंपळ, वड, उंबर यांच्या बिया पक्ष्यांच्या विष्ठेतून दगडांच्या सांध्यांत पडतात, तेथे रुजतात आणि पुढे त्यांची मुळे भक्कम भिंतीही फोडतात. तेव्हा इमारतीवरील झाडाचा आपल्याकडील इतिहास हा पुष्कळ अंशी झाड काढून टाकण्याचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. माळवद एकदा करून विसरून जाण्याची वस्तू नव्हती. मृगाच्या आधी दरवर्षी त्यावर नवी पांढरी माती टाकीत, ती चोपीत व पन्हाळी मोकळ्या करीत. पावसाने काही माती वाहून जाई हे खरे. पण जुनी माती मुद्दाम उतरविण्याची चाल सार्वत्रिक नव्हती. वाहून गेलेली वजा जाता वर्षाला अवघा अर्धा इंच भर पडला असे धरले, तरी तीस वर्षांत सव्वा फूट थर वाढतो. ओल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १,६०० ते २,००० किलो धरले, तर दहा फूट बाय बारा फूट अशा खोलीवर दोन फूट माती म्हणजे सुमारे ११ ते १४ टन ओझे होते. हे ओझे कोणी एका दिवशी चढविले नव्हते. ते दरवर्षी थोडेथोडे, निगेच्याच पोटी, चढत गेले होते. ज्या कृतीने छत गळण्यापासून वाचे, त्याच कृतीने ते जड होत होते. माळवदाच्या इतिहासातील ही मध्यवर्ती विसंगती होय, आणि छतावरील वृक्षाचा प्रश्नही नेमका येथेच येऊन भिडतो.

४

दख्खनमध्ये छतावर वृक्ष कोणीच लावले नाहीत काय? लावले होते, पण ते राजांनी लावले होते. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने सतराव्या शतकाच्या मध्यास गोवळकोंड्याच्या राज्यात प्रवास केला व त्याचा प्रवासवृत्तान्त १६७६ साली प्रसिद्ध झाला. १५९१ साली वसविलेल्या भागनगरातील, म्हणजे हैदराबादेतील, कुतुबशाही राजवाड्याचे वर्णन करताना तो तेथील गच्च्यांवरील बागांचा उल्लेख करतो. त्या बागांत इतके मोठे वृक्ष होते की खालच्या कमानी हे ओझे पेलतात कशा, याचेच त्याला आश्चर्य वाटले. बागेच्या शोभेइतकेच तिचे ओझेही त्याच्या नजरेत भरावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

ग्रीक भूगोलज्ञ स्ट्राबो यानेही बाबिलोनच्या प्रसिद्ध बागेविषयी लिहिताना मुख्यतः तिच्या आधाराचीच हकीगत दिली आहे. कमानींवर कमानी, त्यांखालचे खांब आतून पोकळ, त्या पोकळीत खोलवर माती भरलेली आणि त्या मातीत मोठमोठ्या वृक्षांची मुळे, असे त्याचे वर्णन आहे. बाबिलोनची बाग प्रत्यक्षात कोठे व कशी होती याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु वर्णनामागील तर्क स्वच्छ आहे: वृक्षाची माती छताच्या फळीवर नव्हे, तर खांबाच्या माथ्यावर असावी.

कमान आणि तुळई यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. कमान वरचे ओझे दाबाच्या रूपाने बाजूस व खाली वाहून नेते, आणि दाब सोसणे हा दगडाचा स्वभावच आहे. तुळई ओझ्याखाली वाकते, आणि लाकूड वर्षानुवर्षे वाकत राहिले की थकते. त्यात वाळवी व ओल यांची भर पडते. कुतुबशाही प्रासादावरील वृक्ष कमानीवर होते. मराठवाड्यातील शेतकऱ्याचे माळवद तुळईवर होते. आसफजाही अमलात मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचाच भाग राहिला. पण राजधानीतील ही वास्तुविद्या खेड्यातील घरापर्यंत पोहोचली नाही. पोहोचणे शक्यही नव्हते, कारण तिच्यासाठी लागणारा चुना, घडीव दगड, कारागीर आणि बागेला पाणी चढविणारी माणसे हे सर्व राजाच्याच आवाक्यातील होते. कुतुबशाहीचा शेवट १६८७ साली झाला. ते प्रासादही आज उभे नाहीत. राजाश्रय संपला की छतावरील बागेची निगा कोण राखणार, हा प्रश्न तेव्हाही होताच.

५

मातीच्या छताचा हिशेब मराठवाड्याला द्यावा लागला तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी. अनंतचतुर्दशीची रात्र सरत असता, पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे पुरती उद्ध्वस्त झाली. मृतांची अधिकृत संख्या आठ हजारांच्या जवळ जाते. इतक्या तीव्रतेच्या भूकंपात इतके बळी का पडावेत, याचे उत्तर पुष्कळसे घरांच्या घडणीत सापडले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते; धक्क्यासरशी ते थर फाकले व कोसळले. वरील मातीच्या ओझ्याने धक्क्याचा जोर वाढविला, आणि जेथे छत खाली आले तेथे झोपलेली माणसे त्या मातीखाली गाडली गेली.

परंतु याच विनाशात एक वेगळी गोष्टही आढळून आली. जेथे छताचा भार खऱ्या अर्थाने लाकडी खांबांवर होता, तेथे काही घरांच्या भिंती पडल्या तरी खांब व छत उभे राहिले. म्हणजे केवळ माती दोषी होती असे म्हणता येत नाही. ती कशावर टेकली होती, यावर बरेच अवलंबून होते. पुढे पडझड झालेल्या व वाचलेल्या घरांच्या मजबुतीकरणासाठी ज्या सूचना झाल्या, त्यांत भिंतींत आरपार दगड घालणे व माळवदावरील मातीचा थर कमी करणे यांचा समावेश होता. ओझे कमी करणे ही जी गोष्ट निगेच्या जुन्या चालीत बसली नव्हती, ती अशा रीतीने आपत्तीनंतर सांगावी लागली. भूकंपाच्या वेळी हा प्रदेश भूकंपप्रवणतेच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणलेला होता. २००२ साली झालेल्या मानकाच्या सुधारणेत तो सर्वांत खालचा पट्टाच काढून टाकण्यात आला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या श्रेणीत गेला. नांदेडलाही भूगर्भातील आवाज व सौम्य धक्के अपरिचित नाहीत. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात झालेले धक्के नांदेडपर्यंत जाणवले होते.

मराठीत ‘धाबे दणाणणे’ असा वाक्प्रचार आहे. आज त्याचा अर्थ पुरते घाबरून जाणे एवढाच राहिला आहे. धाब्याच्या घरात कधी न राहिलेली माणसेही तो सर्रास वापरतात. त्याचा वाच्यार्थ मात्र उघड आहे: डोक्यावरचे मातीचे छत हादरून आवाज करू लागणे. ज्या समाजाच्या भाषेत भयाचे नाव छताच्या आवाजावरून पडले, त्या समाजाला छतावरील ओझ्याची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. जाणीव होती, पण सवयीने ती मागे पडली होती.

६

१९९३ नंतर पुनर्वसित गावांतून सिमेंट-काँक्रीटची घरे उभी राहिली. इतर गावांतूनही माळवद मागे पडत गेले आणि पत्रा व स्लॅब पुढे आले. त्याबरोबर माळवदाचा थंडावाही गेला. शाळा, कचेऱ्या, ग्रंथालये, दवाखाने या सार्वजनिक इमारतींची छते बहुधा उघडी, सपाट व तापणारी आहेत. अशा स्थितीत छतावर पुन्हा माती नेण्याचा व तीत झाडे लावण्याचा विचार पुढे यावा, यात इतिहासाचे एक वर्तुळ पुरे होते. मात्र यावेळी ओझे मोजण्याची साधने हाती आहेत, आणि ती वापरली नाहीत तर अज्ञानाची सबब सांगता येणार नाही.

माणसांचा वावर असणाऱ्या सपाट छतासाठी भारतीय मानकात साधारणतः चौरस मीटरला १५० किलो इतका चल भार धरला जातो. एक फूट ओली माती चौरस मीटरला ५०० ते ६०० किलो भरते. म्हणजे हिरवळीपुरता थरदेखील, तो साध्या मातीचा असल्यास, सामान्य छताच्या हिशेबाच्या तिप्पट-चौपट होतो; आणि मध्यम आकाराच्या वृक्षास तर तीन फुटांच्या आसपास माती हवी. यावर उपाय आहेत. नारळाच्या काथ्याचा भुसा, पर्लाइट इत्यादींचे हलके मिश्रण वापरता येते. वृक्षांच्या जागा खांबांच्या माथ्यावर योजता येतात. मुळे अडविणारा पडदा, निचऱ्याचा थर व जलरोधक लेप घालता येतो. खांबाच्या माथ्याची युक्ती तर स्ट्राबोच्या वर्णनातीलच आहे. परंतु हे सारे इमारत बांधताना ठरले पाहिजे. जुन्या इमारतीवर मागाहून वृक्ष नेणे म्हणजे तुळयांना न विचारता माती टाकण्यासारखेच आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. ज्या शहराने असा उन्हाळा पाहिला, तेथे छतावरील वृक्षास नळाचे पाणी घालावे असे कोणी सुचवू धजणार नाही. पण याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. एक हजार चौरस मीटर छताच्या सार्वजनिक इमारतीवर वर्षाकाठी ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर सुमारे ७ लाख लिटर पाणी पडते, म्हणजे त्या पहिल्या गाडीने आणले त्याहून अधिक. त्यातील काही भाग मातीत व उन्हात जाणारच. तथापि तळघरातील किंवा आवारातील टाके आधी आणि वृक्ष नंतर, असा क्रम ठेवला तर उन्हाळ्याचे चार महिने पार पाडणे अशक्य नाही. माळवदाच्या पन्हाळीने पाणी केवळ घराबाहेर टाकले. नव्या छताने ते साठविले पाहिजे.

तिसरा प्रश्न काळाचा आहे, आणि त्यासाठी मुंबईचे उदाहरण उद्बोधक ठरते. मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान, जे हँगिंग गार्डन या नावाने अधिक ओळखले जाते, ते वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातील झाकलेल्या जलाशयाच्या माथ्यावर वसविलेले आहे. सार्वजनिक वास्तूच्या छतावरील बागेचे महाराष्ट्रातील हे एक जुने व प्रसिद्ध उदाहरण म्हणता येईल. या बागेची ख्याती प्राण्यांच्या आकारात कातरलेल्या झुडपांसाठी आहे. २०२३ साली जलाशयाच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव आला, तेव्हा परिसरातील ३८९ झाडे तोडण्याचा किंवा अन्यत्र हलविण्याचा प्रश्न उभा राहिला. नागरिकांनी हरकती घेतल्या, तज्ज्ञांच्या समित्या व पाहण्या झाल्या, आणि पुनर्बांधणीऐवजी दुरुस्तीचा मार्ग पुढे आला. त्या वादाचा तपशील येथे अप्रस्तुत आहे. त्यातून दिसणारे तत्त्व असे की वास्तूचे आयुष्य व वृक्षाचे आयुष्य एक नसते. जलरोधक लेप दोन-तीन दशकांत जुना होतो, पोलादी सळई ओलीने गंजते, आणि तोपर्यंत वृक्ष ऐन भरात आलेला असतो. मग खालची वास्तू वाचवावी की वरचा वृक्ष, असा पेच पुढच्या पिढीपुढे उभा राहतो. लावणाऱ्या पिढीला तो दिसत नाही, कारण तिने पाहिलेले असते ते केवळ रोप.

७

येथवरच्या विवेचनावरून छतावरील वृक्षांना विरोध करावयाचा आहे असा समज होऊ नये. माळवदाच्या इतिहासाचा रोख निराळा आहे. किल्लारीच्या घरांवर मातीचा पहिला थर टाकला गेला तेव्हा तो तुळयांना जड नव्हता. पुढचे थरही एकेकटे जड नव्हते. घातक ठरली ती बेरीज, आणि ती बेरीज करणारे कोणी नव्हते. वृक्षाचे नेमके असेच आहे. वृक्षारोपणाच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते लावलेले रोप दोन-चार किलोंचे असते. वीस वर्षांनी तेच झाड, त्याच्या मुळांत गच्च झालेली माती व तीत मुरलेले पाणी यांचा भार कित्येक पटींनी वाढलेला असतो, आणि वादळवाऱ्याचा ताण वेगळाच. वाढणे हा वृक्षाचा धर्म आहे; ज्या छताच्या आखणीत ही वाढ धरलेली नाही, त्या छतावर वृक्ष लावणे म्हणजे पुढील माणसाच्या डोक्यावर ओझे ठेवणे होय.

घरमालकाच्या माळवदाला निदान एक रोजची नजर होती. तो त्याच छताखाली झोपे. पाणी ठिबकले की रात्री उठून वर जाई. तरीही ओझे साचत गेले. सार्वजनिक इमारतीच्या छताखाली रात्री कोणी झोपत नाही. तेथील अधिकारी बदलून जातात, ठेके संपतात, गच्चीच्या जिन्याला कुलूप लागते. म्हणून जो वृक्ष घराच्या छतावर कदाचित सांभाळला जाईल, तो कचेरीच्या छतावर सांभाळला जाईलच असे नाही. अशा प्रत्येक छतासाठी काही गोष्टी कागदावर लिहून ठेवल्या पाहिजेत: छत किती भार पेलते, आज त्यावर किती आहे, कोणते झाड किती वाढू द्यावयाचे, ते केव्हा छाटावयाचे वा खाली उतरवावयाचे, आणि हे पाहण्याचे काम कोणत्या पदाकडे आहे. वड, पिंपळ, उंबर या जाती वर्ज्य मानाव्यात. डाळिंब, लिंबू, कढीपत्ता, पारिजातक, सीताफळ अशा आटोपशीर वाढीच्या झाडांस प्राधान्य द्यावे. जेथे छताची शक्ती अनिश्चित आहे तेथे जुन्या परसाची रीत पुरेशी आहे: मूळ जमिनीत ठेवावे आणि वेल किंवा फांदीची सावली तेवढी छतावर न्यावी.

काळी आणि पांढरी यांची विभागणी मराठी खेड्याने अनुभवातून केली होती. आजचे शास्त्र काळीला छतावर नेऊ शकते. परंतु तिच्याबरोबर दरवर्षी वर जाऊन, थर मोजून, जादा झालेला खाली उतरविणारा माणूसही नेमावा लागेल. माळवदाने नवी माती टाकणारा माणूस निर्माण केला. जुनी उतरविणारा निर्माण केला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेने मराठवाड्याला दिलेला धडा तो हाच, आणि नांदेड-लातूरकडील सार्वजनिक छतांवर पहिले रोप चढविण्यापूर्वी तो आठवला पाहिजे.